सात वळसे

मी एक जुनी सहाण आहे. मित्रांनो, सहाण तुम्ही पाहिली असेलच असं नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. तळहाताएवढा गोल काळा दगड, खाली तीन आखूड पाय आणि एका बाजूला ओघळ उतरण्यापुरती चोच. देवासाठी माझ्यावर चंदन उगाळतात आणि घरात तान्हं बाळ असलं की बाळगुटी. हिरडा, वेखंड, सुंठ, जायफळ अशी वाळलेली औषधं थोड्या दुधात माझ्यावर घासायची आणि जे चाटण उतरेल ते बोटाने बाळाच्या जिभेला लावायचं. लोक म्हणतात, दगडाला कसली काळजी, तो आपला पडून असतो. पडून असतो हे खरं. पण स्वस्थ असतो, असं ज्याने ठरवलं त्याला चार दिवस माझ्या जागी ठेवा. मी तीन वर्षं स्वस्थ पडलेले नाही, आणि ते का, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म एका पाथरवटाच्या हातोडीखाली झाला. त्याने मला आणि माझ्यासारख्या वीस-पंचवीस जणींना घडवून जत्रेत मांडलं. पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातली धोंडुबाई तिथे आली. ती मिठागरात काम करायची. टाचा मिठाने फुटलेल्या, पण बोटं भलती हलकी. तिने सगळ्यांवरून अंगठा फिरवला आणि मला उचललं. तिला दिवस गेले होते. पुढे जो मुलगा झाला तो कान्हू. माझ्यावरची पहिली गुटी त्याचीच.

धोंडुबाईचे नियम कडक होते. औषध माझ्यावर एकदा गोल फिरवलं की तो एक वळसा. हिरड्याचे दोन वळसे, वेखंडाचा एक, जायफळाचा अर्धा. आमच्याकडे हेच माप. वळसे मोजताना बोलायचं नाही, कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. आणि गुटी झाली की सहाण लगेच धुवून पालथी घालायची, कारण आजचा उरलेला थर उद्याच्या मापात मिसळतो. कान्हूची बायको म्हणून बायजाबाई घरात आली तेव्हा धोंडुबाईने तिला समोर बसवून हे सगळं शिकवलं. बायजाबाई माझ्यापेक्षा लहान, म्हणून मी तिला एकेरी बोलते, तिचा मान कमी आहे म्हणून नव्हे. तिच्या मुलाची, हरेशची, गुटी तिने वर्षभर बिनचूक उगाळली. शेजारच्या बाया पोरं घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, तुमची सहाण गुणाची. मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू?

मग दिवस पालटले. मिठागरं बंद पडली, कान्हूने रोह्याजवळ एका कंपनीत वॉचमनची नोकरी धरली आणि कुंडलिका नदीच्या पुलापलीकडे, अष्टमीत, दोन खोल्या बांधल्या. हरेश मोठा झाला तसं माझं काम संपलं. गणपतीत दीड दिवस चंदनाचा मान, बाकी वर्षभर मी लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून. मीठ, मोहरी, हिंग यांच्या वासात मी जवळजवळ तीस वर्षं काढली. तेव्हा मी कुरकुरत असे. आता वाटतं, बरणीवरच होते ते बरं होतं.

हरेश डोलवीच्या कंपनीत कंत्राटी कामाला लागला आणि पेणमध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहू लागला. त्याची बायको प्रणिता औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. गोळी किती मिलिग्रॅमची, सिरप किती मिलीलीटर, बाळाच्या वजनाला किती, हे सांगण्यात तिचा दिवस जातो. त्यांना मुलगी झाली, तिचं नाव किमया. प्रणिताची रजा संपली तेव्हा बायजाबाई नातीला सांभाळायला पेणला आली. येताना तिने मला बरणीवरून उचललं, चिंच लावून घासलं आणि नव्या रुमालात बांधून एसटीने आणलं. मी किती खुशीत होते म्हणून सांगू! तिसरी पिढी माझ्यावर वाढणार होती.

प्रणिताने मला हातात घेतलं. माझ्या मधोमध झिजून पडलेल्या खळग्यातून तिने बोट फिरवलं, किती मऊ झालीय म्हणाली. मग शांतपणे सांगितलं, "आई, हिला गुटी नको. यातून कशाचं किती उतरतं ते कळत नाही." डॉक्टरांचंही तेच मत होतं. बायजाबाई लगेच "बरं" म्हणाली. मनात नसलं की ती बरं जरा लवकरच म्हणते. तिने मला सिंकखालच्या कपाटात, भांड्यांच्या साबणामागे ठेवलं, आणि प्रणिता कामावर गेली की आठवड्यातून एखाददोनदा मला हळूच बाहेर काढू लागली. हिरड्याचा एक वळसा, सुंठीचा अर्धा. पोरगी हसायची, दूध पचायचं, आणि बायजाबाईला वाटायचं, बघा, काय बिघडलं? मलाही तेच वाटायचं. दोषात मीही वाटेकरी आहे.

किमया आठ महिन्यांची होती तेव्हाची ती दुपार. तिला दात येत होते. सकाळपासून ती किरकिरत होती, मग रडू लागली, मग रडण्याचा सूर चढतच गेला. आतल्या खोलीत हरेश रातपाळी करून येऊन झोपला होता. त्या आठवड्यात त्याला एकावर एक शिफ्ट पडल्या होत्या, डोळे लाल झाले होते. बायजाबाई एकदा पोरीकडे बघायची, एकदा बंद दाराकडे. नात रडते याचं दुःख होतंच, पण मुलाची झोप मोडेल याची तिला जास्त धास्ती होती. तिने मला बाहेर काढलं. घरचं जुनं जायफळ सुकून हलकं झालं होतं, म्हणून तिने बाजारातून नवं आणलं होतं, तेलकट आणि जड. एका हाताने कडेवरची पोर थोपटत, दुसऱ्या हाताने ती उगाळू लागली. आणि बोलू लागली. "गप गो माझी बाय, बाबा निजलाय, गप." एक, दोन. "झाला हां, झाला." तीन, चार. तिची मोजणी हरवली. माझी हरवली नाही. दगडावर जे फिरतं ते दगडाला कळतं. सात वळसे झाले. अर्ध्याच्या जागी सात, आणि तेही नव्या जायफळाचे. मी ओरडू शकले असते तर सगळं घर गोळा केलं असतं.

किमया झोपली. घर शांत झालं. बायजाबाईने सुटकेचा श्वास टाकला आणि मला न धुताच कपाटात सारलं, कारण नळ सोडला असता तर आवाज झाला असता.

चार वाजता प्रणिता आली. पोर उठेना. हाक मारली, पाणी शिंपडलं, तळवे चोळले, मान नुसती कलंडत होती. हरेश धावत आला, दोघांनी तिला उचललं आणि दवाखान्यात नेलं. पुढचं मी नंतर त्या दोघांच्या बोलण्यातून ऐकलं. डॉक्टरांनी बायजाबाईला तीनदा विचारलं, बाळाला काही दिलं होतं का? तीनही वेळा ती म्हणाली, "काय दिला नाय." मग डॉक्टर तरी काय करणार? मेंदूला ताप चढला असेल, या शंकेने त्यांनी तपासण्या सुरू केल्या. इवल्याशा हातात सुया घातल्या. पाठीच्या मणक्यात सुई घालून पाणी काढलं. त्या वेळी पोर हलू नये म्हणून प्रणिताने तिचे पाय धरले होते. बायजाबाई दाराबाहेर बाकावर बसून देवाचं नाव घेत होती.

दोन दिवसांनी किमया शुद्धीवर येऊन हसली. काही कायमचं बिघडलं नाही, हे नशीब. चौथ्या दिवशी प्रणिता लादी पुसायचं फडकं काढायला सिंकखाली वाकली आणि तिच्या हाताला मी लागले. माझ्या खळग्यात तपकिरी कडं वाळून बसलं होतं. तिने वास घेतला. औषधांच्या दुकानात दहा वर्षं काढलेलं नाक ते, त्याला सांगावं लागत नाही. ती मला घेऊन बायजाबाईसमोर उभी राहिली. आणि बायजाबाई म्हणाली, ती चंदनाची सहाण हाय. मित्रांनो, चंदन आणि जायफळ यांतला फरक मी तुम्हाला डोळे मिटून सांगेन. ती माझ्याकडे न बघता बोलत होती.

त्याच संध्याकाळी कान्हू तिला न्यायला आला. त्याने खरं-खोटं विचारलं नाही, बायकोची बाजू घेऊन आवाज चढवला. आम्ही काय पोरी मारणारी माणसं आहोत का, आम्ही काय हरेशला वाढवला नाही, असं बरंच बोलला. हरेश एवढंच म्हणाला की आई, तू आता जा. दार लागलं ते लागलंच.

प्रणिताने मला धुतलं नाही. दुकानातून आणलेल्या जाड पारदर्शक पिशवीत मला घातलं, गोळ्यांच्या पाकिटावर लावतात तशी पांढरी चिठ्ठी चिकटवली, तारीख लिहिली आणि खाली लिहिलं, धुऊ नये. मग मी कपाटावर गेले.

तिथून मी किमयाला वाढताना ऐकलं. पाहिलं कमी, ऐकलं जास्त. तिचं पहिलं पाऊल टपकन वाजलं आणि ती बसकण मारून हसली, ते मी ऐकलं. पहिला शब्द ऐकला. आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी दाराची बेल ऐकली. अष्टमीहून दोघं येत. बायजाबाईच्या हातात कधी झबलं, कधी तांदळाच्या पिठाच्या तळलेल्या गोड बोरांचा डबा. दार साखळीपुरतं उघडे. पिशवी परत जाई. एकदा कान्हू खाली जिन्याच्या पायरीवर दिवसभर बसून राहिला आणि बिल्डिंगभर चर्चा झाली. हरेश त्या दिवशी कामावरून आला तो वडिलांच्या शेजारून वर चढला. वर येऊन त्याने हातपाय धुतले आणि बराच वेळ नळ तसाच चालू ठेवला. मला वरून बायजाबाईला ओरडून सांगावंसं वाटे, अगं सांगून टाक ना एकदाचं. आणि प्रणिताला सांगावंसं वाटे, अगं मला धू तरी. माझ्या अंगावरचं ते कडं मला खाजवत होतं. दगडाला खाज येते का, असं विचारू नका. येते.

किमया तीन वर्षांची झाली त्या आठवड्यात कोर्टाची नोटीस आली. कान्हूच्या कंपनीतला जुना जोडीदार जगन याने त्याला सांगितलं होतं की आजी-आजोबासुद्धा कोर्टात अर्ज करू शकतात. पाकीट हरेशने उघडलं. अर्जदार क्रमांक एक, त्याचा बाप. अर्जदार क्रमांक दोन, त्याची आई. सामनेवाला क्रमांक एक, तो स्वतः. त्याने ती ओळ दोनदा मोठ्याने वाचली आणि कागद प्रणिताकडे दिला. नातीला महिन्यातून भेटू द्यावं, असं त्यात मागितलं होतं. प्रणिताने उत्तरात सगळी हकिकत लिहिली, दवाखान्याचे कागद जोडले. त्यावर बायजाबाईचं प्रतिज्ञापत्र आलं. प्रणिता ते ओट्याशी उभी राहून वाचत होती: मी बाळास कोणतेही औषध दिलेले नाही. तोंडून निघालेलं खोटं आता शिक्का मारून कागदावर बसलं होतं.

मग तारखा सुरू झाल्या. दर तारखेला प्रणिता मला पर्समध्ये घालून पेणच्या कोर्टात नेई. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. त्या पायऱ्या माझ्याच जातीच्या, दगडाच्या. किती पाय घासून गेले असतील त्यांच्यावर, आणि त्यातले किती हसत उतरले असतील? व्हरांड्यात एका टोकाला कान्हू-बायजाबाई, दुसऱ्या टोकाला हरेश-प्रणिता. अष्टमीहून पहाटेची एसटी धरून आलेली ती दोघं डबासुद्धा पाठ फिरवून खात. त्यांचे वकील प्रविण स्पष्ट बोलणारे होते. आजी-आजोबांसाठी कायद्यात वेगळं कलम नाही, न्यायाधीश फक्त बाळाचं हित बघतात, तेव्हा ती गुटी कबूल केलीत तर संपलं, असं त्यांनी व्हरांड्यातच बजावलेलं मी ऐकलं. शेवटी न्यायाधीशांनी सगळ्यांना मध्यस्थीला पाठवलं.

मध्यस्थ होत्या रोहिणीताई, वयाने पन्नाशीच्या एक वकील. लहानशी खोली, पाच प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्ये टेबल. वकील बाहेर. पहिल्या दोन बैठका कान्हूच्या हक्काच्या भाषणात गेल्या. दुधापेक्षा दुधावरची साय प्यारी असते, आमची साय आमच्यापासून तोडली, असं तो म्हणाला. प्रणिता म्हणाली, साय दुधावरच धरते, दूध नासवून ती मिळत नाही. हरेश खाली मान घालून बसला होता. त्याच्यावरूनच बोलणं चाललं होतं आणि तोच गप्प होता.

तिसऱ्या बैठकीला प्रणिताने मला पर्समधून काढलं आणि टेबलावर ठेवलं. रोहिणीताईंनी विचारलं, हे काय? ती म्हणाली, त्या दुपारी आईंसोबत घरात जागं होतं ते एवढंच.

बायजाबाईने तीन वर्षांनी मला पाहिलं. तिचा हात आपोआप पुढे आला. पिशवीवरून तिने माझ्या एका आखूड पायाला बोट लावलं. चिठ्ठीवरचं तिला वाचता येईना, म्हणून तिने हरेशकडे बघितलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याला सरळ काही विचारलं. काय लिवलाय? हरेशने वाचलं, "धुऊ नये."

बायजाबाईचा चेहरा बदलला. "म्हंजे तवापासून धुतली नाय?" ती म्हणाली. "असा नाय करायचा गो. सासूने शिकवलेला मना. गुटी झाली का सहाण लगेच धुवायची."

आपण काय बोलून गेलो हे तिला मागाहून कळलं. कान्हूने टेबलाखालून तिचा पदर ओढला. आता ती म्हणू शकत होती की जुन्या गुटीचं बोलले, हरेशच्या वेळचं बोलले. माझा जीव त्या एका क्षणात अडकला होता. तिने पदर सोडवून घेतला.

"सात वळसे झाले," ती म्हणाली. "जायफलाचे. मोजताना बोलले मी. नवा जायफल होता. तिला गप करायची होती."

"का?" हा प्रश्न हरेशचा होता.

"तू निजलेलास. रातपाली करून आलेलास."

हरेश उठला आणि खिडकीशी जाऊन पाठ करून उभा राहिला. तीन वर्षं तो आईवर रागावला होता, आणि तो राग आता कुठे ठेवायचा ते त्याला कळत नव्हतं.

प्रणिता मात्र बसूनच होती. तिचा आवाज चढला नाही. ती म्हणाली, "चूक माझ्याही हातून होऊ शकते. रोज औषधं देते मी. पण तिच्या पाठीत सुई घातली तेव्हा मी तिचे पाय धरले होते आणि तुम्ही बाहेर बसला होतात. तुम्हाला माहीत होतं. एक शब्द सांगितला असतात तर ती सुई टळली असती."

"व्हय," बायजाबाई म्हणाली.

"का नाही सांगितलंत?"

"तू मंग पोरीला हात लावून दिला नसतास."

असं म्हणून ती स्वतःच थांबली. जे होऊ नये म्हणून ती खोटं बोलली, नेमकं तेच त्या खोट्याने घडवून आणलं होतं, आणि हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. अर्ज मागे घेते, असं तिने रोहिणीताईंना सांगितलं. कान्हू भडकला. एवढ्या खेपा, एवढे कागद, आणि आता तोंड उघडून सगळ्यावर पाणी? तीन वर्षं तू मलाही खोटंच सांगितलंस काय? ती इतकंच म्हणाली की आता मना कोर्टाकडून काय नको, ही देल तेवढाच.

मग प्रणिताने रोहिणीताईंकडे कोरा कागद मागितला आणि स्वतःच्या हाताने लिहू लागली, औषधाच्या पाकिटावर लिहावं तसं. पहिला आणि तिसरा शनिवार. दोन तास. बागेत. मी समोर असेन. मुलीला खायला-प्यायला काहीही द्यायचं नाही. शेवटच्या ओळीखाली तिने रेघ मारली.

कान्हू म्हणाला, आजीने नातीला काही द्यायचं नाही, ही कसली भेट? आमच्याकडे पोराच्या घरी रिकाम्या हाताने जात नाहीत, निदान पेरूची फोड तरी नेतात. प्रणिताने पेन पुढे केलं. बायजाबाईने एकेक अक्षर कोरत सही केली. तो कागद न्यायाधीशांपुढे गेला आणि तसाच हुकूम झाला.

त्या संध्याकाळी प्रणिताने पिशवी फाडली. मला नळाखाली धरण्याआधी तिने एक गोष्ट केली. माझ्या कोरड्या खळग्यात बोट टेकवून तिने गोल फिरवलं आणि मोजलं. एक, दोन, तीन. सात किती होतात ते ती पाहत होती. सात काही फार होत नाहीत, चार श्वासांत होतात. मग तिने नळ सोडला. कडं लवकर निघेना, नारळाच्या काथ्याने घासावं लागलं. शेवटी ते सुटलं आणि मोरीतून गेलं. तिने मला ओट्यावर पालथी घातली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आजच कोर्टाच्या खोलीत ऐकलं होतं.

पहिल्या शनिवारी तिने मला सोबत घेतलं, परत द्यावी म्हणून. बागेतल्या बाकावर दोघं तासभर आधीच येऊन बसली होती. कान्हूने निघताना खिशात चिक्कीचं पाकीट टाकलं होतं. बायजाबाईला ते बसमध्येच समजलं होतं आणि तिने ते त्याला एसटीच्या कंडक्टरला द्यायला लावलं होतं. त्यामुळे तो रुसून बसला होता. तिचे हात मात्र पदरात गुंडाळलेले होते. हात मोकळे राहिले तर काहीतरी देऊन बसतील, असं तिला वाटत असावं.

किमया आली ती पळत आली. आठ महिन्यांची नात मनात धरून बसलेल्या त्या दोघांपुढे साडेतीन वर्षांची मुलगी उभी राहिली, गुडघ्याला खरचटलेलं आणि एक दात किंचित तुटलेला. दोघंही नुसती बघत राहिली. आजोबांचा रुसवा जिथल्या तिथे विरघळला. तू कोण, असं किमयाने विचारलं. मी तुझी आजी, असं सांगताना बायजाबाईचा आवाज फुटला. किमयाला त्याचं काही विशेष वाटलं नाही. तिने घसरगुंडी दाखवली, झोका दाखवला, आपली चप्पल दाखवली. मग दमून बाकावर बसली आणि डबा उघडला. आत राजगिऱ्याची एक वडी होती. तिने ती मोडली आणि मोठा तुकडा बायजाबाईपुढे धरला.

बायजाबाईचे हात पदरातून निघाले आणि अर्ध्यावर थांबले. हुकमात काय द्यायचं नाही ते लिहिलं होतं, काय घ्यायचं नाही ते लिहिलं नव्हतं. तरी तिने घेतलं नाही. तिने समोरच्या बाकावर बसलेल्या सुनेकडे बघितलं.

"घेऊ काय गो?" तिने विचारलं.

तीन वर्षांपूर्वी जी बाई न विचारता देत होती, ती आज घ्यायलाही विचारत होती. प्रणिताने तिच्याकडे पाहिलं, मग वडीच्या त्या तुकड्याकडे पाहिलं. मोठा होता.

"त्यातला अर्धा घ्या," ती म्हणाली. "शुगर आहे तुम्हाला."

बायजाबाईने अर्धाच घेतला. चावताना तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि किमया तिला विचारत होती की वडी तिखट आहे का.

निघताना प्रणिताने मला पुढे केलं. बायजाबाईने माझ्यावर हात ठेवला, पण मला घेतलं नाही. तुझ्याकडंच र्‍हाऊ दे, म्हणाली. त्यामुळे मी आता पेणच्या ओट्यावर आहे. माझ्यावर गुटी उगाळली जात नाही. कधी चंदन, कधी किमया खडूचे तुकडे घासते. धुतलेली आहे, तरी स्वस्थ नाही. महिन्यातले दोन शनिवार म्हणजे फक्त चार तास, आणि कान्हू आता म्हाताऱ्यासारखा खोकतो. हरेशची शिफ्ट असली की तो बागेत येत नाही. नसली की येतो, आईच्या बाकावर बसतो, पण अजून फारसं बोलत नाही. मोडायला एक दुपार लागली होती, जुळायला किती शनिवार लागतील, याची मोजणी मला जमत नाही.

मित्रांनो, मी दगड आहे, मला उपदेश शोभत नाही. पण तुमच्या घरात कुणी आजारी असेल आणि डॉक्टर विचारतील की काय दिलं होतं, तर मायेने दिलेलंसुद्धा सांगून टाका. ओरडा बसेल, बसू द्या. तुमच्या आजीला सांगायला भीती वाटत असेल तर तिचा हात धरून तिच्या शेजारी उभे राहा. आणि घरात माझ्यासारखी एखादी जुनी सहाण असेल तर ती वापरली की लगेच धुऊन टाका. राहिलेला थर नंतर फार घासावा लागतो.

उद्या या महिन्याचा तिसरा शनिवार आहे. प्रणिताने आत्ताच डबा भरून ओट्यावर माझ्या शेजारी ठेवला. त्यात आधी राजगिऱ्याची एकच वडी असायची. आज दीड आहे.